लाकूड, सरस आणि वेग : प्रस्तावना

ज्या विमानाने २७ ऑगस्ट १९३९ रोजी, म्हणजे महायुद्धाला तोंड लागण्याच्या अवघे पाच दिवस आधी, नाकावरच्या फिरत्या पंख्यावाचून केवळ जेट इंजिनाच्या झोतावर आकाशात जाण्याचा पहिला मान मिळविला, त्या हाइन्केल १७८ चे धड धातूचे असले तरी पंख लाकडाचे होते, ही गोष्ट विमानविद्येच्या ग्रंथांत बहुधा अर्ध्या वाक्यात उरकलेली असते. शहरातला वाचक ते अर्धे वाक्य ओलांडून पुढच्या वेगाच्या आकड्यांकडे जातो, आणि त्यात त्याचा दोषही नाही. परंतु आलापल्ली, अहेरी, बल्लारपूर, मूल, ब्रह्मपुरी या टापूत, जिथे जंगलखात्याच्या डेपोतील सागाचा हर्रास कधी आहे आणि गेल्या खेपेला कोणता माल काय भावाने सुटला याची चर्चा चहाच्या टपरीवर चालते, जिथे लाकडाची जात, ओल आणि आतली पोकळी नुसत्या टिचकीवरून सांगणारे मिस्त्री अजून आहेत, तिथल्या वाचकाने मात्र त्या अर्ध्या वाक्यापाशी थांबावे, नव्हे तिथेच बैठक मारावी, अशी माझी इच्छा आहे. प्रस्तुत पुस्तकाचा सारा खटाटोप त्या इच्छेपोटी झाला आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात प्रयोगादाखल घडविलेल्या, आणि काही तर नुसत्या कागदावरच आखून राहिलेल्या, जेट विमानांचे आराखडे या पुस्तकात एका ठराविक प्रमाणात दिले असून, चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलखात सहजासहजी हाती येणाऱ्या लाकडात त्यांच्या लघुप्रतिकृती कशा कोराव्यात याचा तपशील पुढील प्रकरणांत आला आहे. या विमानांभोवती गेल्या ऐंशी वर्षांत गुप्त चमत्कारांचे एक वलय जमले आहे. जर्मनीला आणखी सहा महिने मिळते तर युद्धाचा निकाल फिरला असता, असे बोलणारे गृहस्थ प्रत्येक गावात एक तरी भेटतोच. पण हाती पटाशी घेऊन ज्याने यांपैकी एखादे विमान कोरून पाहिले, त्याला त्याच्या अंगोपांगांवर टंचाईच्या, घाईच्या आणि क्वचित निव्वळ हतबलतेच्या खुणा दिसू लागतात : धातू पुरेना म्हणून लाकूड, नेहमीचा सरस मिळेना म्हणून त्याचा बदली, तेल संपत आले म्हणून कोळसा. वेगाच्या कोष्टकात न दिसणारे हे सत्य कारागिराच्या बोटांना लवकर कळते, हेच मला या प्रस्तावनेत सांगायचे आहे. बाकीचा तपशील त्या एका गोष्टीच्या पुष्ट्यर्थ आहे.

प्रतिकृतींचा हा नाद निव्वळ पोरखेळ म्हणून सुरू झाला आणि तसाच राहिला, असा समज असल्यास तो आधी दूर केलेला बरा. इंग्लंडात १९३० नंतरच्या दशकात 'स्कायबर्ड्स' या नावाने विकल्या जाणाऱ्या लाकडी संचांनी एकास बहात्तर हे प्रमाण रूढ केले. एक इंच म्हणजे सहा फूट, असा त्याचा सोपा हिशेब होता, आणि सहा फूट म्हणजे साधारण उभा माणूस, त्यामुळे वैमानिकाची मूर्ती बरोबर एका इंचाची होई. १९३६ साली 'फ्रॉग' कंपनीने याच प्रमाणात प्लॅस्टिकचे संच काढले. पुढे युद्ध पेटल्यावर सरकारदरबारी या प्रमाणाला वेगळीच किंमत आली. आपले विमान कोणते आणि शत्रूचे कोणते हे तोफखान्यातल्या शिपायाला क्षणार्धात ओळखता यावे म्हणून अमेरिकेच्या नौदलाने १९४२ च्या आरंभी देशभरच्या शाळांना पाच लक्ष लाकडी प्रतिकृती करून देण्याचे आवाहन केले : विमानांचे पन्नास प्रकार, प्रत्येकाच्या दहा हजार प्रती, सर्व एकास बहात्तर प्रमाणात आणि वरून काळा रंग, म्हणजे आभाळाच्या पार्श्वभूमीवर दिसते तशी नुसती छायाकृती शिल्लक राहावी. शाळकरी मुलांच्या करवतीखालून निघालेले ठोकळे अशा रीतीने युद्धसाहित्याच्या यादीत दाखल झाले.

आणखी एक दाखला आमच्या बल्लारपूरच्या आरागिरणीवाल्यांसाठी मुद्दाम देतो. आज जगभर प्लॅस्टिकच्या संचांसाठी ख्यात असलेली जपानमधील शिझुओका येथील तामिया ही पेढी १९४६ साली लाकूड कापून विकण्याचा धंदा म्हणून सुरू झाली. मग लाकडी प्रतिकृती आल्या, आणि प्लॅस्टिककडे ती वळली ती १९६० च्या सुमारास. आरागिरणी ते विमान हे अंतर वाटते तितके लांबचे नाही.

आता प्रमाणाविषयी. हाइन्केल १६२ या विमानाच्या पंखांचा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा विस्तार ७.२० मीटर होता. बहात्तराने भागले की तो बरोबर दहा सेंटीमीटर येतो, आणि नवशिक्याला हिशेबाची कटकट नको म्हणून पुस्तकातला पहिला आराखडा त्याचाच दिला आहे. पण हेच गणित उलट बाजूने मांडले म्हणजे अंगावर काटा येतो : प्रतिकृतीतली एका मिलिमीटरची चूक म्हणजे खऱ्या विमानात ७.२ सेंटीमीटरांची चूक. काचकागदाचे चार हात जास्त बसले की पंखाची जाडी बदलते. विदर्भात तान्ह्या पोळ्याला पोरे जो चाकांवरचा लाकडी बैल दोरीने ओढत दारोदार नेतात आणि बोजारा गोळा करतात, तो बैल घडविणारा सुतार वशिंड दुप्पट करतो, शिंगे ताठ करतो, डोळे मोठे काढतो, आणि ते योग्यच आहे, कारण खेळण्याला आपल्या आवडीचे ते मोठे करून दाखविण्याची मुभा असते. प्रतिकृतीला ती मुभा नाही. ज्या हातांनी नंदी सजविला त्याच हातांना इथे आपली आवड बाजूला ठेवावी लागते. आणि माझा अनुभव असा की विमानाचे नाक थोडे अधिक अणकुचीदार आणि पंख थोडे अधिक मागे झुकलेले कोरण्याचा मोह भल्याभल्यांना आवरत नाही. वेगाची भूल लाकडातही उतरते.

हाइन्केल १६२ ची कथा मी जरा विस्ताराने सांगतो, कारण या पुस्तकाचा सारा आशय तीत सामावला आहे. सप्टेंबर १९४४ मध्ये जर्मन सरकारने स्वस्त, हलक्या, शक्यतो लाकडी आणि अर्धशिक्षित कामगारांकडून झपाट्याने तयार होईल अशा जेट लढाऊ विमानाची तजवीज करण्याचा हुकूम काढला, आणि ६ डिसेंबरला, म्हणजे नव्वद दिवसही पुरे होण्याच्या आत, पाठीवर इंजिन घेतलेले ते चिमुकले विमान व्हिएन्नाजवळ आकाशात गेले. आराखड्यापासून उड्डाणापर्यंतची इतकी घाई विमानविद्येत विरळाच. त्या पहिल्याच फेरीत चाकाच्या कप्प्याचे लाकडी झाकण सरस सुटून निघून गेले. तेवढ्याने कोणी डगमगले नाही. चार दिवसांनी, १० डिसेंबरला, बड्या अंमलदारांच्या उपस्थितीत गोटहोल्ड पेटर या वैमानिकाने ते वेगाने खाली आणले, तेव्हा पंखाची पुढची कड उकलली, विमान कोसळले आणि पेटर ठार झाला. कारण उघड होते. लाकडी थर जोडण्यासाठी जर्मनीत 'टेगो' नावाचा, कागदी पापुद्र्याच्या रूपातला उत्तम कृत्रिम सरस वापरीत. तो करणारा वुपरटालचा कारखाना ब्रिटिश बाँबफेकीत बेचिराख झाला होता, आणि त्याच्या जागी जो बदली सरस आला त्यातले आम्ल लाकूडच खाऊन टाकीत होते. आराखडा निर्दोष नव्हताच, म्हणून नंतर पंखांची टोके खाली मुडपून स्थैर्य साधावे लागले. प्रतिकृतीत ही मुडपलेली टोके निराळ्या तुकड्यांची करून जोडावी, एकसंध कोरण्याच्या भरीस पडू नये. परंतु माणूस मेला तो सरसामुळे.

हा दोष जर्मनांचाच होता असेही नाही. ब्रिटिशांचे डी हॅविलंड मॉस्किटो हे पंख्याचे विमान, जेट नव्हे. पण बर्चच्या पातळ थरांमध्ये एक्वाडोरच्या हलक्या बाल्सा लाकडाचा गाभा भरून केलेली त्याची घडण इतकी कौशल्याची होती की जर्मन अधिकाऱ्यांना तिचा हेवा वाटे. तेच विमान हिंदुस्थान-ब्रह्मदेशच्या आघाडीवर आले, आणि १९४४ च्या उत्तरार्धात पंखांचे सांधे निखळून अपघात होऊ लागल्याने नोव्हेंबरात तपासणीसाठी त्याची उड्डाणे थांबवावी लागली. दोष दमट उष्ण हवेचा, सरसाचा की कारखान्यातल्या ढिलाईचा, यावर पुष्कळ खल झाला. भर पावसाळ्यात दरवाजाची चौकट फुगून बसते आणि वैशाखात तिला भेगा पडतात, हे ज्यांच्या घरी दरसाल घडते, अशा आमच्या मुलखातल्या कोणाही मिस्त्रीला त्या चौकशी-समितीवर बसविण्यास हरकत नव्हती.

लाकडाचा विषय निघाला तेव्हा सागाविषयी एक अप्रिय गोष्ट आधीच सांगून टाकतो. आलापल्लीच्या सागाची कीर्ती मोठी; दिल्लीच्या नव्या संसद भवनाला आणि अयोध्येच्या मंदिराला या दोन जिल्ह्यांतले सागवान गेले, याचा इथल्या माणसाला वाटणारा अभिमान रास्त आहे. तथापि प्रतिकृतीसाठी साग घेऊ नये. त्याच्या अंगातले नैसर्गिक तेल सरसाला नीट धरू देत नाही. त्यातला गारेचा सूक्ष्म अंश पटाशीची धार पाहता पाहता मारतो. आणि त्याची ठसठशीत वर्तुळे दहा सेंटीमीटरांच्या पंखावर नांगरटीसारखी उठून दिसतात. मंदिराच्या दाराला शोभणारे गुण इथे अवगुण ठरतात. सागाची योजना प्रतिकृतीच्या बैठकीसाठी करावी, तिथे तो शोभतो. धड आणि पंख यांसाठी शिवण उत्तम : फिकट, हलकी, वाळल्यावर फारशी न वाकणारी आणि पटाशीला सहज वश होणारी. खरादावर काढावयाच्या गोल भागांसाठी, म्हणजे इंजिनाचे नळकांडे, तेलाच्या टाक्या, चाके, यांसाठी हळदू घ्यावा. त्याचा पोत इतका एकजीव असतो की पूर्वी गिरण्यांच्या बॉबिनींना आणि फण्यांना त्याचाच उपयोग करीत. सावंतवाडीचे खेळणीवाले ज्या पांगाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या काम करीत आले, तो आपल्याकडेही होतो, पण बारीक कडा त्यात टिकत नाहीत. चाकांच्या दांड्या आणि नाकावरची वायुमापक नळी बांबूची करावी. बुरडाने कामटी सोलताना जी वरची हिरवी साल काढली असेल ती मागून आणावी. आतल्या गाभ्यापेक्षा तिच्यात बळ अधिक असते, आणि काडेपेटीच्या काडीहून बारीक केली तरी ती मोडत नाही. या सर्वांसाठी झाड तोडण्याचा प्रश्नच येत नाही आणि येऊ देऊही नये; आरागिरणीच्या कोपऱ्यात पडलेल्या ठोकळ्यांत एका शाळेला वर्षभर पुरेल इतकी विमाने असतात.

कृती पुढे सविस्तर दिलीच आहे. नमुन्यादाखल धडाची तेवढी इथे सांगतो. साडेतेरा सेंटीमीटर लांबीचा शिवणीचा सुका ठोकळा चारी बाजूंनी गुण्यात रंधून घ्यावा, त्याच्या एका अंगावर विमानाची बाजूची आकृती आणि लगतच्या अंगावर वरची आकृती कार्बन कागदाने उतरावी, मधली रेघ मात्र चारही अंगांवर फिरवून घ्यावी. प्रथम बाजूची आकृती बारीक करवतीने कापावी. कापलेले तुकडे फेकू नयेत, चिकटपट्टीने होते तिथे परत बसवावे, कारण त्यांच्यावरच वरची आकृती छापलेली असते. मग दुसऱ्या अंगाने कापावे. तुकडे सोडविले की हातात एक चौकोनी काठांचे, ओबडधोबड पण प्रमाणशुद्ध विमान उरते. त्याच्या कडा पटाशीने मारताना तंतूंच्या दिशेने जावे. नाकाकडून मधल्या फुगवट्याकडे चढत गेले की लाकूड फाटते आणि ढलपी खोल जाते, म्हणून नेहमी फुगवट्यापासून टोकांकडे उतरावे. जाड पुठ्ठ्यात कापलेले छेदाचे साचे दर सेंटीमीटरावर लावून पाहत राहावे; साचा आणि लाकूड यांच्यामधून उजेड दिसेनासा झाला की तिथे हात थांबवावा. पुष्कळांचे काम बिघडते ते हात न थांबल्यामुळे.

दुसरा आराखडा मी केवळ या जिल्ह्यांच्या प्रेमापोटी घातला आहे, हे कबूल करतो. अलेक्झांडर लिपिश या जर्मन संशोधकाने युद्धाच्या अखेरीस पी-१३ए नावाचे त्रिकोणी पंखांचे एक विमान कल्पिले, आणि त्याला इंधन म्हणून योजला दगडी कोळशाचा भाऊ, तपकिरी लिग्नाइट! हवा पुढच्या तोंडाने वेगाने आत घुसावी, तारेच्या जाळीच्या फिरत्या टोपलीत कोळशाचे तुकडे धगधगत असावेत, त्यातून निघणारा वायू पेटून मागच्या झोताने बाहेर पडावा, अशी ती योजना होती. अशा इंजिनाला जागच्या जागी आरंभ करता येत नाही, आधी कोणीतरी विमान जोराने फेकावे लागते. म्हणून उड्डाणापुरते अग्निबाण लावण्याचे ठरले होते. विमान कधी झाले नाही. त्याचा आकार तपासण्यासाठी डार्मश्टाट आणि म्युनिक येथील विद्यार्थ्यांनी डीएम-१ नावाचे इंजिनरहित लाकडी विमान बांधावयास घेतले, ते अर्धे असतानाच अमेरिकनांच्या हाती पडले, आणि पुरे करून सागरापार नेऊन तिथल्या प्रचंड वातबोगद्यात त्याची परीक्षा झाली. घुग्घूस, दुर्गापूर, माजरी इथल्या खाणींच्या धुळीत वाढलेल्या आणि २,९२० मेगावॉटच्या औष्णिक केंद्राच्या चिमण्या रोज पाहणाऱ्या पोराला कोळशावर उडणाऱ्या विमानाची गोष्ट सांगितली की तो आधी हसतो, आणि मग विचारतो की राखेचे काय होणार? प्रश्न मार्मिक आहे. आपल्या वर्धा खोऱ्यातल्या कोळशात राखेचे प्रमाण इतके, की लिपिशसाहेबांना प्रत्येक उड्डाणानंतर विमान झाडून घ्यावे लागले असते.

अशा कहाण्यांचा मोह जितका मोठा, तितकी मोजमापाची गरज अधिक. हॉर्टेन बंधूंचे शेपटीविरहित, जवळजवळ सारे प्लायवूडचे विमान, जे आज हॉर्टेन २२९ म्हणून प्रसिद्ध आहे, ते या बाबतीत नमुनेदार आहे. त्याच्या जेटयुक्त प्रतीची उड्डाणे अगदी मोजकी झाली, आणि १८ फेब्रुवारी १९४५ रोजी एक इंजिन बिघडून ती कोसळली व एर्विन त्सिलर हा वैमानिक मरण पावला. पुढे कित्येक वर्षांनी राइमार हॉर्टेनने असे सांगितले की रडारच्या लहरी शोषून घेण्यासाठी सरसात लोणारी कोळसा मिसळण्याचा आपला विचार होता, आणि तेवढ्या वाक्यावर 'अदृश्य विमाना'ची पोथी उभी राहिली. अमेरिकेतील नॉर्थ्रप ग्रमन कंपनीने २००८ च्या सुमारास त्याची पूर्ण आकाराची, मुख्यतः लाकडी प्रतिकृती बांधून तिच्यावर रडार सोडले. निष्पन्न इतकेच झाले की त्या काळच्या ब्रिटिश रडारला ते नेहमीच्या लढाऊ विमानापेक्षा थोडे उशिरा दिसले असते. स्मिथसोनियन संग्रहालयात जपलेल्या मूळ सांगाड्याच्या तपासणीतही कोळशाची पुष्टी मिळाली नाही. पोथीचे ओझे असे एका लाकडी प्रतिकृतीने हलके केले. आपल्याकडेही 'वैमानिक शास्त्र' या ग्रंथातल्या विमानांची चित्रे पाहून ऊर भरून येणारे पुष्कळ आहेत. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच संशोधकांनी १९७४ साली ती चित्रे आणि तो मजकूर बारकाईने तपासून तो विसाव्या शतकाच्या आधीचा नाही व ती विमाने उडण्याजोगी नाहीत असा निर्वाळा दिला, तो त्यांनी एकदा वाचावा. वाचावयाचा नसेल तर त्यांपैकी एखादे शिवणीत कोरून त्याचा तोल कुठे येतो ते बोटावर धरून पाहावे.

जपानच्या नाकाजिमा किक्का या विमानाचा आराखडा देण्याचे कारण वेगळे. त्याच्या इंजिनासाठी जर्मनीने दिलेली सामग्री आणि कागदपत्रे घेऊन आय-२९ ही पाणबुडी निघाली होती. एप्रिल १९४३ मध्ये मादागास्करच्या समुद्रात जर्मन पाणबुडीवरून नेताजी सुभाषचंद्र बोस ज्या जपानी पाणबुडीत चढले, तीच ही. जुलै १९४४ मध्ये ती अमेरिकनांनी बुडविली. सुदैवाने इवाया नावाचा नौदल अधिकारी सिंगापुरास उतरून थोडे कागद बरोबर घेऊन विमानाने पुढे गेला होता, आणि त्यातल्या इंजिनाच्या छेदाच्या एका लहानशा चित्रावर जपानी तंत्रज्ञांनी आपले 'ने-२०' हे इंजिन उभे केले. लहान चित्रावरून मोठी वस्तू! आपण या पुस्तकात नेमके उलट करीत आहोत. किक्का उडाले ७ ऑगस्ट १९४५ रोजी, हिरोशिमाच्या दुसऱ्या दिवशी. चार दिवसांनी दुसरे उड्डाण जमिनीवरच फसले आणि आठवडाभरात जपान शरण गेले. त्याचे पंख दुमडते होते, गुहांतून लपविता यावे म्हणून. प्रतिकृतीत ते दुमडलेले दाखविल्यास या विमानाची हकीकत अधिक नीट सांगितली जाते.

बाकीच्यांविषयी थोडक्यात. इंग्लंडचे ग्लॉस्टर ई.२८/३९ हे फ्रँक व्हिटलच्या इंजिनावर १५ मे १९४१ रोजी उडाले. त्याचा आकार गुटगुटीत आणि सोपा, शाळेतल्या मुलांना तेच द्यावे. अमेरिकेचे बेल एक्सपी-५९ ए जमिनीवर उभे असताना कोणाला संशय येऊ नये म्हणून त्याच्या नाकावर लाकडाचा खोटा पंखा बसवीत. ज्यांना विनोदाचे अंग आहे त्यांनी प्रतिकृतीलाही तो बसवावा. जर्मनीचे युंकर्स २८७ म्हणजे पुढे झुकलेल्या पंखांचे एक विचित्र प्रकरण, त्याचे धड एका विमानाचे, शेपूट दुसऱ्याचे आणि पुढची चाके पाडलेल्या अमेरिकन लिबरेटर विमानांची. उरलेसुरले तुकडे जोडून नवे विमान करण्याची पोरांची खोड इथे खुद्द कारखान्याने केली होती.

एक गोष्ट मात्र थोडक्यात सांगून चालणार नाही. मेसरश्मिट २६२ ची धडे ऑस्ट्रियात गुझेन येथे डोंगराच्या पोटात खोदलेल्या बोगद्यांत छळछावणीतले कैदी जुळवीत. हाइन्केल १६२ चे काम हिंटरब्र्यूल इथल्या जिप्समच्या जुन्या खाणीत माउटहाउझेनच्या कैद्यांकडून करून घेत. उपासमारीने आणि मारहाणीने त्यांतले असंख्य लोक मेले. ही विमाने सुंदर आहेत, यात शंका नाही, आणि त्यांचे सौंदर्य नाकारण्याचा ढोंगीपणा मी करणार नाही. पण ती कोणी आणि कोणत्या स्थितीत जुळविली हे प्रतिकृतीखालच्या चिठ्ठीवर वेग आणि उंची यांच्या शेजारी लिहिलेच पाहिजे, असा माझा आग्रह आहे, आणि पुस्तकातील चिठ्ठ्यांचे नमुने त्याप्रमाणे छापले आहेत. शेपटीवरचे नाझी चिन्ह आराखड्यांतून गाळले आहे. जर्मनीत ते कायद्यानेच वर्ज्य असून तिथे संच त्यावाचून विकतात. आपल्याकडे तशी सक्ती नाही, परंतु ज्या उंबरठ्यावर रोज सकाळी रांगोळीत स्वस्तिक निघते, त्या घरातल्या लहान मुलाच्या मनात दोहोंची सरमिसळ करून देण्यात शहाणपणा नाही.

शेवटचा आराखडा युद्धकालीन नाही, आणि तरीही तो गाळणे मला अशक्य झाले. फोके-वुल्फ १९० या विख्यात विमानाचा कर्ता कुर्ट टांक याने युद्धात टा-१५४ नावाचे एक लाकडी विमान काढले होते. जून १९४४ मध्ये सरसाच्याच दोषाने त्याची विमाने हवेत मोडली आणि तो मामला तिथेच संपला. मागे झुकलेल्या पंखांचे त्याचे टा-१८३ हे जेट तर कागदावरच राहिले. युद्धानंतर टांक अर्जेंटिनात गेला, आणि तेथून १९५६ साली भारतात, बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये आला. इथे त्याच्या मार्गदर्शनाखाली आपल्या तंत्रज्ञांनी एचएफ-२४ 'मरुत' या भारतीय जेट लढाऊ विमानाची आखणी केली, आणि धातूला हात घालण्यापूर्वी त्याची पूर्ण आकाराची, दोन आसनांची, इंजिनरहित प्रतिकृती लाकडात बांधली. एक्स-२४१ हे तिचे नाव. डकोटा विमानाच्या मागे दोरीने बांधून ती १९५९ पासून आकाशात नेत आणि सोडून देत. अशी ७८ उड्डाणे झाली. ज्याला सरसाने एकदा दगा दिला होता, त्या माणसाने पुन्हा लाकडावरच भिस्त ठेवली आणि या खेपेला सांधे टिकले. खरे मरुत १७ जून १९६१ रोजी सुरंजन दास यांनी उडविले. पुढे एकूण १४७ बांधली गेली, आणि १९७१ च्या युद्धात राजस्थानच्या आघाडीवर ती लढली. हव्या त्या ताकदीचे इंजिन त्याला कधीच मिळाले नाही, आणि आराखड्यात असलेला वेग प्रत्यक्षात आला नाही, ही त्याची शोकांतिका अन्यत्र पुष्कळांनी लिहिली आहे.

भद्रावतीच्या आयुध निर्माणीतले कामगार, विसापूरच्या सैनिकी शाळेतली मुले आणि आमचे मिस्त्री, ज्यांना हे पुस्तक हाती घ्यावेसे वाटेल त्यांनी मरुतचा आराखडा दोन्ही रूपांत करावा : एक धातूच्या रंगाचे, इंजिनाचे, दुसरे एक्स-२४१, बिनरंगाचे, फक्त पॉलिश मारलेले, कारण ते लाकडाचेच होते. विस्तार साडेबारा सेंटीमीटर येतो, लांबी बावीस. धडाच्या दोन्ही अंगांना हवेची जी तोंडे आहेत, त्यांतील अर्धशंकू हळदूचा पूर्ण शंकू खरादावर काढून मग तो उभा चिरून करावा, दोन वेगळे कोरू नयेत, ते कधी सारखे होत नाहीत. या तोंडांची खोली कोणत्याही कागदी आराखड्यात नीट कळत नाही. पुण्याच्या कमला नेहरू उद्यानात आणि मुंबईच्या नेहरू विज्ञान केंद्रात एकेक मरुत उभे आहे. तिकडे जाणे झाल्यास पुढून, बाजूने आणि खालून अशी तीन रेखाचित्रे काढून आणावीत, आणि पटाशी त्यानंतरच हाती घ्यावी.